वाद्याची संशोधित आवृत्ती : सिंथेसायझरमधील फर्मवेअर-बदलांची चिकित्सा

प्रस्तावना

वाद्य घडविणाऱ्याचे काम कोठे संपते आणि वाजविणाऱ्याचे कोठे सुरू होते, हा प्रश्न संगीतविचारात सहसा उपस्थित होत नाही. कारण त्याचे उत्तर गृहीतच असते. पियानो कारखान्यातून किंवा सारंगी कारागिराच्या हातून बाहेर पडली, की वाद्य पूर्ण झाले. त्यानंतर जे होते ती दुरुस्ती. तार बदलणे, पडदा सरळ करणे, भाता सांधणे या क्रियांनी वाद्य पूर्ववत होते. ते निराळे होत नाही. इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरच्या बाबतीत मात्र हे गृहीतक मोडले आहे. विकत घेतल्यानंतर चार वर्षांनी त्याच वाद्यातून, आतला एकही सुटा भाग न बदलता, पूर्वी निघूच शकत नव्हता असा आवाज निघू लागतो. हे घडविणारी गोष्ट म्हणजे फर्मवेअर : वाद्याच्या अंतर्भागात वसलेली आणि त्याच्या सर्व वर्तनाचे नियमन करणारी आज्ञावली.

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ओप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात रूढ केला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, आणि या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर, म्हणजे पक्के, सहसा न हलणारे. नावातील हा पक्केपणा आज केवळ नावापुरता उरला आहे.

नव्या फर्मवेअरचे स्वागत बहुधा वैशिष्ट्यांच्या यादीने केले जाते : अमुक इतके नवे ऑसिलेटर, तमुक नवा परिणाम, वाढीव स्मृती. ही विक्रेत्याची भाषा आहे. समीक्षेला तिचा फारसा उपयोग नाही. प्रस्तुत लेखात या बदलांकडे पाठचिकित्सेच्या अंगाने पाहिले आहे. वाद्य हा एक पाठ मानला, तर प्रत्येक फर्मवेअर ही त्याची संशोधित आवृत्ती ठरते. मग ग्रंथाच्या संदर्भात विचारले जाणारे प्रश्न येथेही विचारावे लागतात. ही आवृत्ती कोणी सिद्ध केली? कोणता दोष मानून? कोणत्या अधिकाराने? आणि आधीच्या पाठाचे काय झाले? मराठी वाचकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नंतर शिरलेले अपपाठ काढून मूळ पाठाकडे जाण्यासाठी. आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असेही त्यांनी बजावले. फर्मवेअरची प्रेरणा याच्या नेमकी उलट आहे. तेथे मूळ पाठ हाच अपुरा मानला जातो आणि नवी ओवी मिसळणे हेच संपादकाचे कर्तृत्व ठरते.

चिप, बॅटरी आणि स्क्रू

डेव्ह स्मिथ यांनी १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या प्रॉफेट-५ या वाद्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि वादकाने तयार केलेले आवाज स्मृतीत साठविण्याची सोयही होती. सिंथेसायझरच्या आत अदृश्य लिखित मजकूर असू शकतो, ही जाणीव तेथून पक्की झाली. मात्र हा मजकूर चिपमध्ये कोरलेला असे. तो बदलायचा तर वाद्याचे स्क्रू काढून, जुनी चिप उपटून तेथे नवी बसवावी लागे. म्हणजे आवृत्ती बदलणे ही तंत्रज्ञाच्या बाकावर, हातात पेचकस घेऊन करण्याची क्रिया होती, आणि तिच्या खुणा वाद्याच्या देहावर राहत.

१९८३ मध्ये आलेला यामाहा कंपनीचा डीएक्स-७ या संदर्भात बोलका आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर आधारलेली फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची पद्धत या वाद्याने सर्वतोमुखी केली. त्याच वर्षी जाहीर झालेल्या मिडी या वाद्यसंवादाच्या मानकाशीही ते जोडलेले होते, पण घाईने. मिडीमध्ये सोळा मार्गिका असतात. मूळ डीएक्स-७ मात्र केवळ पहिल्याच मार्गिकेवरून संदेश पाठवू शके. शिवाय त्यातील बारा स्वरांचे स्थान समविभागी सप्तकात जखडलेले होते. हे स्थान बदलण्याची सूक्ष्म स्वरमेलनाची सोय कंपनीने पुढे दिली. पण ती १९८७ च्या डीएक्स-७ II या नव्या वाद्यात. जुन्या वाद्याच्या धन्याला त्या सोयीसाठी दुसरे वाद्य विकत घेणे भाग होते. ग्रे मॅटर रिस्पॉन्स या दुसऱ्याच एका कंपनीने ‘ई!’ नावाचा जोडसंच काढून डीएक्स-७ च्या अंगी अनेक नव्या क्षमता आणल्या, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट घडली. वाद्याची सुधारित आवृत्ती मूळ कर्त्याने नव्हे, तर परक्या संपादकाने सिद्ध केली.

फ्लॅश स्मृती स्वस्त झाल्यावर पेचकसाची गरज सरली. संगणकाला जोडलेली एक तार आणि काही मिनिटांचा धीर एवढे पुरेसे झाले. बदलाची किंमत जवळजवळ शून्यावर आली, आणि येथेच प्रश्नाचे स्वरूप पालटले. जेव्हा चिप बदलणे खर्चिक होते, तेव्हा वाद्य पूर्ण करूनच बाहेर पाठविण्याची सक्ती निर्मात्यावर होती. ती सक्ती संपताच ‘उरलेले नंतर देऊ’ असे म्हणता येऊ लागले. एलेक्ट्रॉन या स्वीडिश कंपनीचे डिजिटाक्ट हे तालयंत्र २०१७ मध्ये विक्रीस आले, ते संगणकाशी घनिष्ठपणे जोडणाऱ्या ओव्हरब्रिज या सोयीच्या आश्वासनासह. ती सोय सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती पडली २०१९ मध्ये, आणि तीही प्रथम चाचणी-आवृत्तीच्या रूपाने. सोय आली, चांगली आली, हे खरे. पण मधल्या दोन वर्षांत ज्याने वाद्य घेतले, त्याने वाद्यासोबत एक वचनही विकत घेतले होते. आणि वचनाला हमीपत्र नसते.

मायक्रोफ्रीक : एका वाद्याच्या पाच आवृत्त्या

अर्टुरिया या फ्रान्समधील ग्रनोब्लजवळच्या कंपनीने २०१९ मध्ये मायक्रोफ्रीक हे छोटे सिंथेसायझर प्रसिद्ध केले. त्याला नेहमीच्या अर्थाने पट्ट्याच नाहीत. सपाट मंडल-पट्टीवर तांब्याने आखलेल्या पंचवीस स्वरांच्या आकृत्या असून बोटाचा स्पर्श आणि त्याचे पसरलेले क्षेत्र विद्युतधारितेने ओळखले जाते. ध्वनीचा उगम डिजिटल ऑसिलेटरात होतो. तो मात्र ओबरहाइमच्या जुन्या एसईएम वाद्याच्या धर्तीवरील एका अ‍ॅनालॉग फिल्टरमधून गाळून बाहेर येतो. चार स्वर एकाच वेळी वाजविता येतात. परंतु त्या चौघांना मिळून फिल्टर एकच.

ही रचना ध्यानी घेतली, की फर्मवेअर कोठवर पोचू शकते आणि कोठे हात टेकते, ते स्पष्ट होते. ऑसिलेटर म्हणजे गणित. ते कितीही वेळा नव्याने लिहिता येते. फिल्टर म्हणजे तांबे, सिलिकॉन आणि विद्युतप्रवाह. तो आहे तसाच राहतो. पाचव्या आवृत्तीपर्यंत या वाद्यात काय काय आले याची यादी लांबलचक आहे, पण चार स्वरांना चार फिल्टर कधीच मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत. वाद्याचे व्यक्तिमत्त्व टिकून राहिले ते बहुधा या न बदलणाऱ्या अंगामुळेच.

दुसरी स्थिर गोष्ट म्हणजे दर्शनी पटल. ऑसिलेटरचा प्रकार निवडण्याचे एक बटण आणि त्याशेजारी वेव्ह, टिंबर व शेप ही तीन. प्रकार बदलला की या तिघांचे अर्थ बदलतात. एका प्रकारात ‘टिंबर’ एका गोष्टीचे, दुसऱ्यात तोच शब्द आणखी कशाचे तरी नियंत्रण करतो. छापील शब्द तेच, अर्थ संदर्भाने ठरणारा. शब्दशक्तीच्या परिभाषेत बोलायचे तर येथे वाच्यार्थ जवळजवळ रिकामा ठेवला आहे. रचनाकारांचे खरे कौशल्य या रिकामपणात आहे. पटलावर ‘तारेचा ताण’ असे छापले असते, तर भविष्यातील प्रत्येक ऑसिलेटरला त्या शब्दाशी भांडावे लागले असते. तीन संदिग्ध शब्द छापून निर्मात्यांनी पुढील आवृत्त्यांसाठी कोरी पाने शिवून ठेवली.

२०२० मधील दुसऱ्या आवृत्तीने ही पाने नीट वापरली. लॉस एंजेलिस येथील नॉइझ इंजिनिअरिंग या कंपनीने रचलेले बास, सॉएक्स आणि हार्म हे तीन ऑसिलेटर विनामूल्य देण्यात आले. त्यांचा आवाज मूळच्या आवाजांपेक्षा अधिक खरबरीत, काहीसा धातूच्या कडेसारखा आहे. तरीही ते परके वाटत नाहीत. कारण त्यांनी तीन बटणांची शिस्त पाळली. नव्या ओवीने जुना छंद सांभाळला, असे म्हणता येईल.

तिसऱ्या आवृत्तीतील व्होकोडर याहून उल्लेखनीय आहे. व्होकोडर म्हणजे मानवी वाणीचा आकार वाद्याच्या ध्वनीवर उमटविणारे यंत्र. त्यासाठी ध्वनिग्राहक हवा. मायक्रोफ्रीकला ध्वनिग्राहक जोडण्याची वेगळी जागा नव्हती. पण श्रवणयंत्राच्या खाचेत चौथा विद्युतसंपर्क होता. भ्रमणध्वनीला लावतात तसला बोलण्या-ऐकण्याचा संच तेथे चालत असे. या संपर्काला फर्मवेअरने काम दिले. कंपनीने पांढऱ्या रंगाची, वळणाऱ्या दांडीच्या ध्वनिग्राहकासह एक स्वतंत्र व्होकोडर आवृत्ती विकली खरी. पण जुन्या काळ्या वाद्याच्या धन्यालाही साध्या हेडसेटवर तीच सोय मिळाली. डीएक्स-७ च्या वेळी जे झाले त्याच्या हे उलट आहे. येथे जुना ग्राहक मागे टाकला गेला नाही. वाद्याच्या देहात सुप्त असलेली एक शक्यता जागी झाली. फर्मवेअर-बदलाचा सर्वांत सार्थ प्रकार कोणता, असे कोणी विचारल्यास या चौथ्या संपर्काकडे बोट दाखवावे लागेल.

चौथ्या आवृत्तीने वादकाला स्वतःचे तरंगकोष्टक भरण्याची मुभा दिली. पाचवी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिने मुद्रित ध्वनीचे नमुने, तसेच त्या नमुन्यांचे कण करून विखुरणारे ग्रॅन्युलर प्रकार आणले. तिचे कौतुक सर्वाधिक झाले. काटेकोरपणे पाहता मात्र याच आवृत्तीत वाद्याचा छंद बिघडतो. नवे नमुने भरण्यासाठी संगणक आणि कंपनीची ‘मिडी कंट्रोल सेंटर’ ही आज्ञावली लागते. आतापर्यंत हे वाद्य आपला ध्वनी स्वतःच्या पोटातून काढत होते. आता तो बाहेरून आणून भरावा लागतो. नमुन्याचा आरंभबिंदू, लांबी, वारंवार फिरणारा भाग हे सगळे नखाएवढ्या पडद्यावर वाचायचे. वेव्ह, टिंबर, शेप या शब्दांची संदिग्धता इथवर उपकारक होती, ती येथे अडचण होऊन बसते. ग्रॅन्युलर ध्वनी त्या फिल्टरमधून फार सुंदर येतो, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की पाचवी आवृत्ती ही या वाद्याची वाढ नसून त्याच्या खोलीत आणून ठेवलेले दुसरे वाद्य आहे.

या टीकेवर एक आक्षेप संभवतो. ज्याला नको त्याने नवा प्रकार वापरू नये. जुने प्रकार तर तेथेच आहेत! आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण वाद्य म्हणजे वैशिष्ट्यांची बेरीज नव्हे. निवडीचे बटण फिरविताना आधी जेथे दहा-बारा जागा होत्या, तेथे आता वीसहून अधिक आहेत. बोटाला लागलेली सवय, अंधाऱ्या रंगमंचावर न पाहता अमुक इतक्या टिचक्यांनी हव्या त्या ध्वनीवर पोचण्याची खात्री, ही रियाजातूनच येते. रियाजाला स्थिर वाद्य लागते. सतारवादकाच्या पडद्यांची संख्या दर वर्षी वाढत गेली, तर त्याची तान बिघडणार नाही कदाचित, पण त्याचा हात कधी ठरणारही नाही. म्हणून ‘मायक्रोफ्रीकवर वाजविले’ एवढी नोंद अपुरी आहे. कोणत्या आवृत्तीवर, हे कळल्याशिवाय ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करणाऱ्याला त्या ध्वनीची फोड करता येणार नाही. ग्रंथसूचीत आवृत्तीचा उल्लेख नसेल तर संशोधनपद्धतीच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. वाद्यसूचीत तो उल्लेख शोधूनही सापडत नाही.

अनधिकृत पाठ

निर्मात्याने दोष मानलाच नाही, तर काय होते, याचे उदाहरण कोर्ग कंपनीच्या व्होल्का एफएम या २०१६ मधील वाद्यात मिळते. ओंजळीएवढ्या या यंत्रात डीएक्स-७ ची सहा ऑपरेटरांची आणि बत्तीस अल्गोरिदमांची रचना सामावली आहे. डीएक्स-७ साठी केलेले आवाजही त्यात भरता येतात. फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचा प्राण आघाताच्या जोरात असतो. पट्टी हलकी दाबली तर घंटेसारखा, जोरात दाबली तर कर्कश, असा एकाच आवाजाचा पालट हे डीएक्स-७ चे मर्म होते. व्होल्का एफएम बाहेरच्या पट्टीफलकावरून वाजविले तर आघाताचा हा जोर लक्षातच घेत नसे. देह तोच, श्वास हरवलेला.

हा दोष एका वापरकर्त्याने दूर केला. कंपनीचे फर्मवेअर बंदिस्त होते. त्याचा स्रोत प्रसिद्ध नव्हता. तरी त्याची यंत्रभाषेतील संहिता उलगडून, त्यात बदल करून, जोर ओळखणारी अनधिकृत आवृत्ती तयार झाली आणि ती जगभरच्या वादकांनी आपापल्या वाद्यात भरली. कंपनीने २०२२ मध्ये व्होल्का एफएम-२ हे नवे वाद्य काढले, तेव्हा त्यात ही सोय अधिकृतपणे आली. म्हणजे वापरकर्त्याचे निदान बरोबर होते. पण मान्यता मिळाली ती नव्या खरेदीच्या दारातून.

या मालिकेतील वाद्यांत नवे फर्मवेअर भरण्याची रीतही नोंदण्यासारखी आहे. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर एक ध्वनिफीत वाजवायची आणि तिची तार वाद्याच्या खाचेत घालायची. खरखर, किंचाळी आणि चिरचिर यांचा तो काही मिनिटांचा प्रवाह म्हणजेच नवी आज्ञावली. वाद्य ती ऐकते आणि बदलते. गुरुमुखातून विद्या यावी तशी ही श्रुतीची परंपरा यंत्रालाही लागू पडली आहे. फरक इतकाच की येथे शिष्य आधीचे सारे पुसून टाकूनच नवे ऐकतो.

खुली संहिता आणि बारा रकाने

मायक्रोफ्रीकच्या पहिल्या आवृत्तीतील ऑसिलेटरांपैकी बरेचसे कंपनीचे स्वतःचे नव्हते. ते म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाने वाद्ये घडविणाऱ्या एमिली जिले यांच्या प्लेट्स या मॉड्यूलमधून घेतले होते. जिले यांनी आपल्या मॉड्यूलांची संहिता खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली होती. त्या परवान्यानुसार बंदिस्त व्यापारी वाद्यातही तिचा वापर वैध आहे. खुला पाठ बंद बासनात गेला. नियमाने गेला, पण पुन्हा बाहेर येण्याची वाट त्या बासनाला नाही. मायक्रोफ्रीकचा धनी त्याच ऑसिलेटरात एक ओळ बदलू शकत नाही, आणि प्लेट्सचा धनी बदलू शकतो.

खुलेपणाचे फलित केवळ तात्त्विक नाही. जिले यांच्या क्लाउड्स या मॉड्यूलसाठी मातिआस प्युएश यांनी ‘पॅरासाइट्स’ हे पर्यायी फर्मवेअर लिहिले. मूळ कर्तीने न मागितलेली, पण तिने जाणीवपूर्वक शक्य करून ठेवलेली ती टीका होती. टीका हा शब्द येथे ज्ञानेश्वरीला ‘भावार्थदीपिका’ म्हणतात त्या अर्थाने घ्यावा. २०२२ मध्ये जिले यांनी आपला व्यवसाय थांबविला. संहिता मात्र उपलब्ध राहिली आणि तिच्यावरून मॉड्यूले आजही घडविली जातात. बंदिस्त फर्मवेअरच्या वाद्याची कंपनी बंद पडली, तर शेवटची आवृत्ती हीच कायमची ठरते, तिच्यातील चुकांसकट.

याच म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या आरंभकाळातील श्रुती-१ हे वाद्य भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे. स्वतः जोडणी करून घ्यायचा हा संच. आत आठ बिटांचा एक साधा नियंत्रक, दोन डिजिटल ऑसिलेटर आणि एक अ‍ॅनालॉग फिल्टर. नावातील श्रुती योगायोगाची नाही. या वाद्याच्या फर्मवेअरमध्ये ‘राग’ अशा नावाचाच एक पर्याय असून त्यात भैरव, मारवा, श्री, पूर्वी, बिलावल, यमन, काफी, भीमपलासी, दरबारी, बागेश्री अशी नावे एकाखाली एक येतात. युरोपातील एका लहानशा कार्यशाळेत घडलेल्या सिंथेसायझरच्या दोन ओळींच्या पडद्यावर ‘दरबारी’ हा शब्द उमटावा, याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. समीक्षेने मात्र अप्रुपाच्या पुढे जायला हवे.

पट्टीच्या वाद्याला रागाच्या श्रुतीवर आणण्याची खटपट महाराष्ट्रात जुनी आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियम घडवून घेतले. १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यावर मोठा वाद झाला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यामागील आक्षेपांत स्थिर, समविभागी स्वर हा एक प्रमुख होता. देवलांना श्रुती बदलायची तर नवे सूर कापून, नवी पेटी बांधावी लागली. श्रुती-१ मध्ये त्यासाठी लागतात बारा संख्या. सप्तकातील प्रत्येक स्वर किती चढवायचा किंवा उतरवायचा, हे सांगणारा बारा रकान्यांचा एक तक्ता म्हणजे तेथील राग. जो स्वर रागात नाही त्याच्या रकान्यात एक सांकेतिक संख्या असते, आणि ती पट्टी दाबली तरी वाद्य गप्प राहते.

ही मूक पट्टी कल्पक आहे. वर्ज्य स्वराची संकल्पना इतक्या नेमकेपणाने यंत्रात उतरलेली क्वचितच पाहायला मिळेल. पण तिच्यातच या तक्त्याची मर्यादाही उघडी पडते. भीमपलासीत ऋषभ आणि धैवत आरोहात वर्ज्य, अवरोहात नाहीत. श्री रागात आरोहात गांधार-धैवत गाळतात आणि उतरताना घेतात. बारा रकान्यांच्या तक्त्याला चढणे आणि उतरणे हा भेदच ठाऊक नाही; त्याला फक्त पट्टी कळते, ती कोठून आली हे कळत नाही. दरबारीचा गांधार तर याहून अवघड. तो अतिकोमल आहे एवढे सांगणारी संख्या रकान्यात लिहिता येते. पण तो गांधार एका जागी उभा राहतच नाही. त्याचे आंदोलन हेच त्याचे स्थान. वादी-संवादी, न्यास, स्वरसंगती, चलन यांपैकी कशालाही तक्त्यात घर नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी दहा थाटांत रागांचे वर्गीकरण केले, तेव्हाही थाट म्हणजे राग नव्हे, हे त्यांनी स्पष्ट ठेवले होते. फर्मवेअरमध्ये तो भेद पुसला गेला आणि थाटापेक्षा थोड्या अधिक सूक्ष्म अशा स्वरपंक्तीला रागाचे नाव मिळाले.

तरीही या वाद्याला दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. मायक्रोफ्रीकमध्ये असा तक्ता असता आणि तो चुकीचा असता, तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहणे एवढेच वादकाच्या हाती उरले असते. आणि दरबारीचा गांधार कोठे लागतो, याचा निर्णय तो राग कधी न गायलेल्या कोणा अभियंत्याने केला असता. श्रुती-१ ची संहिता खुली आहे. किराणा घराण्याचा एखादा शिष्य आणि संगणकाचा एखादा विद्यार्थी एकत्र बसले, तर तो तक्ता उघडून त्यातील संख्या बदलू शकतात. आधीचा स्वर कोणता वाजला होता हे लक्षात ठेवून ऋषभाची पट्टी चढताना मूक आणि उतरताना बोलती करणे, हे तर काही ओळींचे काम आहे. आठ बिटांच्या नियंत्रकालाही ते पेलेल. भीमपलासीचा प्रश्न अशा रीतीने नव्या आवृत्तीत सुटू शकतो. दरबारीचा सुटण्यासाठी आंदोलनाची गती आणि पल्ला यांचे आणखी दोन रकाने लागतील, आणि ते भरण्याआधी कोणाचे गाणे प्रमाण मानायचे, हे ठरवावे लागेल.